तयारीचा शनिवार

सदर, नागपूर
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मीरा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू न फोडताच चुलीत घातलं नसशील, अशी आशा धरून लिहिते आहे. तुझा सावनेरचा पत्ता माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने दिला. ती तिथे बँकेत आहे. फोन नंबर मागितला तर म्हणाली, "मॅडम, काकूंनी नाही म्हटलं." म्हणून पत्र.

मी शाळेतून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं होतील. देवळामागच्या त्याच दोन खोल्यांत राहते. गुडघे कुरकुरतात, शुगर आहे, पण उपासना एकही चुकली नाही. शब्बाथ शाळा अजून मीच घेते.

गेल्या जूनपासून नवे पाळकसाहेब आलेत. वयाने लहान आहेत, पण बोलतात ते लागतं. सगळा हिवाळा त्यांनी एकाच विषयावर उपदेश केला, नीतिमत्त्वाच्या भुकेवर. म्हणाले, पोटाची भूक जेवल्यावर भागते, ही भूक ज्याला वाटतं आपण जेवलो आहोत त्याला लागतच नाही. मीरा, मी समोरच्या बाकावर बसले होते आणि मला घाम फुटला. चाळीस वर्षं मला वाटत होतं की मी जेवलेली आहे.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची थाळी आली की माझा हात पुढे होत नाही. तीन महिने झाले, थाळी मी शेजारणीकडे सरकवते. लोकांना वाटतं, शुगरमुळे मॅडम द्राक्षरस घेत नाहीत. मीही तसं वाटू दिलं.

प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळचा तयारीचा शनिवार आपल्याकडे अजून पाळतात. ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्याने त्या दिवशी ते मिटवायचं, मगच रविवारी मेजाशी यायचं. हल्ली सात-आठ म्हाताऱ्याच येतात. मागच्या खेपेला पाळकसाहेब म्हणाले, डोळे मिटा आणि पाहा कुणाचा चेहरा समोर येतो. माझ्यासमोर तुझा आला.

कळत-नकळत माझ्याकडून तुझं मन दुखावलं असेल तर मला क्षमा कर. "केली" एवढं दोन ओळींत लिहून पाठवलंस तरी पुरे. ईस्टरला मला मोकळ्या मनाने मेजाशी बसता येईल. ईस्टरनंतर मंडळीच्या कमिटीवरच्या वडिलांची निवडणूक आहे आणि पाळकसाहेबांनी माझं नाव सुचवलं आहे, पण त्याचा ह्या पत्राशी काही संबंध नाही.

ख्रिस्तात तुझी,
प्रेमिलाताई


सावनेर
२७ फेब्रुवारी

प्रेमिलाताई,

जाळायला आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे.

पत्र दोनदा वाचलं. एकदा मी आणि एकदा रोशनच्या बाबांनी. म्हणजे गोविंदा गजभिये, माझा नवरा, ज्याचं नाव तू अठ्ठावीस वर्षांत एकदाही घेतलं नाहीस आणि ह्या पत्रातही घेतलं नाहीस. खाणीतून रिटायर झालेत आता. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "क्षमा मांगून राहिली का रसीद मांगून राहिली तुही ताई?"

मी हसले. मग रडले. मग भाजी करपली.

नंबर मुद्दामच दिला नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करते, लहानपणापासून तसंच आहे. कागदावर मला मधेच कुणी तोडत नाही.

आता तुझ्या "कळत-नकळत"बद्दल. मी आठ वर्षांची असताना तुझ्या वहीवर शाई सांडली होती. मी म्हटलं, चुकून काही झालं असेल तर माफ कर. आई म्हणाली, "सोड ना वं, लहान हाये ते." तू सोडलं नाहीस. मला भिंतीशी उभं करून सांगितलंस की पाप नाव घेऊन कबूल करायचं असतं, मोघम कबुली देव ऐकत नाही. मग मी म्हटलं, "मी रागाने शाई सांडली." तेव्हा कुठे सोडलंस.

ते खरंच रागाने सांडलं होतं. तुझा नियम बरोबर होता. तर ताई, भिंतीशी उभी राहा आणि नाव घे.

मीरा


सदर, नागपूर
५ मार्च

प्रिय मीरा,

आज उपवासकाळ सुरू झाला. तुझं पत्र हातात घेऊन मी सकाळी देवळात बसले होते. तुझा टोला बरोबर बसला. घेते नाव.

१९९७ साली तू गोविंदरावांशी कोर्टात लग्न केलंस. (नाव घेतलं, बघ.) विश्वासाबाहेर लग्न केलं म्हणून कमिटीने तुझं मेज बंद केलं. सगळ्यांसमोर कबुली देईपर्यंत तुला भाकर नाही आणि प्याला नाही, असं ठरलं. त्या कमिटीत मी होते. ठरावाच्या बाजूने हात वर झाले त्यात माझा होता. पहिला नव्हता, पण होता.

नियम होता, मीरा. बहीण म्हणून मी हात खाली ठेवला असता तर लोकांनी म्हटलं असतं की मॅडमच्या घरच्यांना वेगळा न्याय. मला न्याय हवा होता आणि दया माझ्याजवळ नव्हती. हे माझं पाप आहे. आता तरी दोन ओळी लिही. ईस्टर वीस एप्रिलला आहे.

उन्हाळा लागला. कूलरची ताटी बदलायची आहे. तुला गुडघ्यांचा त्रास आहे का? आईला होता.

ख्रिस्तात तुझी,
प्रेमिलाताई


सावनेर
१९ मार्च

प्रेमिलाताई,

तुझा हात वर झाला होता हे मला त्याच दिवशी कळलं होतं. ते मी केव्हाच सोडून दिलं. नियम मोडला तर शिक्षा होणार हे ठाऊक असूनच मी मोडला. त्या हाताबद्दल तू सत्तावीस वर्षांनी क्षमा मागतेस म्हणजे वरातीमागून घोडं. माझं दुखणं दुसरं आहे आणि ते तुझ्याबद्दल नव्हतं. ऐक.

अठ्ठ्याण्णवच्या ईस्टरला आईचं शेवटचं प्रभुभोजन असणार हे सगळ्यांना दिसत होतं. पोट फुगलं होतं, अन्न जात नव्हतं. मला तिच्या शेजारी बसून ती भाकर घ्यायची होती. दुसरं काही नको होतं. म्हणून मी रोशनला झोळीत झोपवून कबुलीची चिठ्ठी लिहिली. बायकांच्या चिठ्ठ्या महिला मंडळाच्या सेक्रेटरीने पाळकसाहेबांना द्यायच्या, त्यांनी तयारीच्या शनिवारी वाचायच्या, लोकांनी हो म्हटलं की रविवारी मेज उघडायचं, अशी पद्धत. सेक्रेटरी तूच होतीस. शुक्रवारी शाळेच्या फाटकाशी मी ती तुझ्या हातात दिली. तू "देते" म्हणालीस आणि रोशनच्या टाळूवर हात ठेवलास. मला फार बरं वाटलं होतं.

रविवारी मी चार महिन्यांचं पोर घेऊन देवळाच्या फाटकाबाहेर उभी राहिले. हो म्हटलं असेल तर कुणीतरी बोलवायला येईल. आईला खुर्चीत घालून आत नेताना मी दुरून पाहिलं. गाणी झाली, उपदेश झाला, मग आतून शांत झालं. तेव्हा मला कळलं की थाळी फिरते आहे. कुणी आलं नाही. मी सावनेरची बस धरली. आई गेल्याचं मला तिला पुरल्यावर कळलं.

तेव्हापासून मी जुन्या पाळकसाहेबांना शिव्या देते. ते वारले तेव्हाही दिल्या. एका म्हाताऱ्या बाईसाठी एवढंसं मन मोठं करता आलं नाही त्यांना.

इथे मला कुणी त्रास दिला नाही. सासूबाई पौर्णिमेला विहारात जायच्या, मला कधी ये म्हणाल्या नाहीत. रविवारी सकाळी म्हणायच्या, "तुह्या देवाचं करून घे, मंग भाजी निवड." मी आतल्या खोलीत दार लावून बसायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचा तुकडा समोर ठेवायचे, प्रार्थना म्हणायचे आणि तुकडा तसाच उचलून डब्यात परत ठेवायचे. मेज बंद असलेल्या बाईने खाऊ नये. कुणी बघत नव्हतं तरी मी कधी खाल्ला नाही. इतकी मी त्यांच्या नियमाची होते, ताई. तुझी भूक तीन महिन्यांची आहे. माझी मोजून बघ.

तर मला एवढंच सांग. त्या शनिवारी माझी चिठ्ठी वाचली तेव्हा तू तिथे होतीस. "नको" कोण म्हणालं? बरेचसे मेलेही असतील आता. पण मला नाव हवं आहे.

मीरा


सदर, नागपूर
२४ मार्च

मीरा,

चिठ्ठी वाचली गेली नाही. पाळकसाहेबांनी ती पाहिलीही नाही. त्यांना शिव्या देऊ नकोस. "नको" मी म्हणाले.

शुक्रवारी घरी येऊन मी ती उघडली. शाळेच्या वह्या तपासतात तशी वाचली. तू लिहिलं होतंस, "मी पाप केलं असं तुम्हाला वाटत असेल तर मला क्षमा करा. माझ्या मनाला तसं वाटत नाही, आणि खोटं लिहून मला मेजाशी यायचं नाही. पण आईजवळ बसून एकदा भाकर घेऊ द्या." मला वाटलं, हा पश्चात्ताप नाही, हा हट्ट आहे. असल्या मनाने जी मेजाशी येते ती स्वतःवर दंड ओढवते, असं आपण शिकलो होतो. मी तुला दंडापासून वाचवते आहे असं मी स्वतःला सांगितलं आणि चिठ्ठी गायनाच्या पुस्तकात घालून ठेवली. ती अजून माझ्याकडे आहे.

रविवारी आईने खुर्चीतूनच मला विचारलं, "मीरा आली काय वं?" मी म्हटलं, "नाही आली, आई. तिले यायचं नाही म्हणते." तिने भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. थाळी पुढच्या रांगेत गेली तरी तिच्या मुठीत तो होता. शेवटी मी चमच्याने पाणी घातलं तेव्हा गिळला. एकोणीस दिवसांनी गेली. तुला निरोप उशिरा पाठवला तोही मीच.

इथपर्यंत लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. पण भिंतीशी उभी आहे तर सगळंच सांगते. दंडाची गोष्ट अर्धी खरी होती. आमच्या शाळेत विश्वनाथ मास्तर होते, गणित शिकवायचे. मला एकतिसावं होतं. त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हटलं, कारण ते विश्वासाबाहेरचे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, बदली करून घेतली. दोन वर्षांनी तू तेच केलंस जे मी केलं नाही. तुला नवरा मिळाला. मूल मिळालं. तुझी चिठ्ठी हातात होती तेव्हा माझ्या मनात आलं की आता हिला मेजही हवं? मग मी नियम पाळून काय मिळवलं?

हे मी देवालाही ह्या शब्दांत कधी सांगितलं नव्हतं.

प्रेमिला


सदर, नागपूर
४ एप्रिल

प्रिय मीरा,

उत्तर नाही. रोज पोस्टमनची वाट पाहते. त्याला आता माझी दया येते, लांबूनच मान हलवतो.

परवा पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, नावासकट. ते गुडघे टेकून माझ्याबरोबर बसले. म्हणाले, "ताई, देवापुढे सांगितलं ना तुम्ही? मंग झालं. आता जुनं उकरून काय भेटणार हाये?" मला थोडं बरं वाटलं आणि मग रात्रभर वाटलं नाही. देवाने क्षमा केली असेल, पण त्याच्याकडे मी चिठ्ठी थोडीच लपवली होती.

वडिलांच्या यादीतून नाव काढा म्हणून सांगायला गेले होते, पण तो विषय निघालाच नाही.

शिव्या दे, पण लिही.

प्रेमिलाताई


सावनेर
११ एप्रिल

प्रेमिलाताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जुन्या पाळकसाहेबांची माफी मागितली. सत्तावीस वर्षं चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते मी.

मग बरेच दिवस काही केलं नाही. आई तुकडा मुठीत धरून बसली होती, हेच डोळ्यांसमोर येत राहिलं. मी तीस पावलांवर होते, ताई. फाटकाशी. तुला माहीत होतं मी तिथे असणार.

रोशनच्या बाबांनीही तुझं पत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सांगितलं तरी तिनं. आमच्याकडे कोणी सांगत नाही इतकं." मला राग आला, पण त्यांचं खरं आहे. तू सांगितलंस. विश्वनाथ मास्तरांचंही सांगितलंस. त्याला छाती लागते.

म्हणून एक संधी देते. तुला एकटीला नाही, दोघींना. पुढच्या शनिवारी, एकोणीस तारखेला, ईस्टरच्या तयारीची सभा आहे. त्यात माझी चिठ्ठी वाच. जशी आहे तशी, एक शब्द न बदलता, माझं नाव घेऊन. आणि आईला तू काय सांगितलंस ते सांग. सात-आठ म्हाताऱ्या असोत की तीनशे माणसं, मला संख्येशी घेणं नाही. ती चिठ्ठी ज्या सभेसाठी लिहिली होती त्या सभेत ती वाचली गेली पाहिजे. लोकांनी "नको" म्हटलं तरी चालेल. निदान त्यांनी म्हटलेलं असेल.

ते केलंस की तुझ्या दोन ओळी मी स्वतः आणून देईन.

मीरा


सदर, नागपूर
२२ एप्रिल

माझी लाडकी मीरा,

प्रभू खरंच उठला आहे! चाळीस वर्षांत असा ईस्टर मी पाहिला नाही.

मी केलं, मीरा. सांगितलं सगळ्यांसमोर. शनिवारी चिठ्ठी पर्समध्ये घालूनच गेले होते. पण सभेआधी पाळकसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, इथे नऊ बायका आहेत, एवढी मोठी गोष्ट नऊजणींत कशाला, उद्या भरल्या देवळात साक्ष द्या. मला ते पटलं. लपूनछपून नको, उजेडात होऊ दे. चिठ्ठीबद्दल मात्र त्यांनी समजावलं. त्या वेळच्या कमिटीतल्या लोकांची मुलं-सुना आज मंडळीत आहेत, "तुम्हाला वाटत असेल तर" हे शब्द त्यांना लागतील. तुझं नाव घेतलं तर गजभियांच्या घरापर्यंत चर्चा जाईल, तुलाच त्रास. आईची गोष्ट सणाच्या दिवशी लोकांना सहन होणार नाही. म्हणून मी माझ्या शब्दांत सांगितलं. अर्थ तोच.

मी म्हटलं, "माझी एक धाकटी बहीण प्रभूपासून दूर गेली. ती परत यायला निघाली होती, आणि मी अभिमानाने तिच्या वाटेत आडवी उभी राहिले." पुढे मला बोलवेना. मीरा, तीनशे माणसं रडली. गिरिधर वडील, जे कधी कुणाशी धड बोलत नाहीत, त्यांनी रुमाल काढला. पाळकसाहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि तुझ्यासाठी, माझ्या हरवलेल्या बहिणीसाठी, सगळ्या मंडळीने मोठ्याने प्रार्थना केली. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या देवळाने तुला बाहेर ठेवलं ते सगळं देऊळ तुझ्यासाठी उभं होतं. ते तू पाहायला हवं होतंस.

आणि मी भाकर घेतली. पाच महिन्यांनी. इतकी गोड लागली की सांगता येत नाही. घरी येऊन मी पोटभर जेवले आणि दुपारभर लहान मुलासारखी झोपले.

उपासनेनंतर लगेच निवडणूक झाली. मी बिनविरोध वडील झाले. मी नको नको म्हणत होते, पण लोक म्हणाले, "अशी साक्ष देणारी बाई नाही तं कोण?"

आता तुझ्या दोन ओळींची वाट पाहते. आणि तूही ये. कमिटीत मी आहे, तुझं मेज मी उघडून घेईन.

ख्रिस्तात तुझीच,
ताई


सावनेर
२ मे

प्रेमिलाताई,

पाहायला हवं होतं म्हणतेस. मी पाहिलं.

शनिवारी दुपारच्या बसने आम्ही दोघं नागपूरला आलो. पाचच्या सभेला मी आत आले नाही. नऊ बायकांत दहावी लपत नाही. खिडकीखालच्या सिमेंटच्या बाकावर बसले. ऊन असं होतं की बाक चटका देत होता. आतलं सगळं ऐकू येत होतं, पंख्याचा आवाजसुद्धा. गाणं झालं, प्रार्थना झाली, पाळकसाहेब थोडं बोलले, मग कपबशा वाजल्या. चहा पिऊन तुम्ही सगळ्या घरी गेलात. तू माझ्यापासून चार हातांवरून गेलीस, पर्स छातीशी धरून.

रोशनचे बाबा म्हणाले, "चाल, बस भेटन अजून." मी म्हटलं, उद्या वाचत असतील. त्यांच्या बहिणीकडे सक्करदऱ्याला मुक्काम केला. मी तिच्याकडून चांगलं लुगडं मागून घेतलं. हसू नकोस. मला वाटलं, चिठ्ठी वाचली आणि कुणी विचारलं की कुठे आहे ती मीरा, तर उभं राहताना अंगावर धड काही असावं.

रविवारी डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या बाकावर बसले. तू पुढे गेलीस. छान बोललीस, ताई. शिक्षिकेचा आवाज आहे तुझा, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. "प्रभूपासून दूर गेली" हेही पोहोचलं. मी कुठे गेले होते दूर? मी फाटकाशी होते. मला दूर तू ठेवलंस, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा ठेवलंस. पहिल्या वेळी चिठ्ठी लपवली होतीस, ह्या वेळी तिची साक्ष करून लोकांना वाटलीस. तुझ्या अभिमानासाठी तीनशे माणसांनी तुझं कौतुक केलं. माझ्या खरेपणाबद्दल एकानेही काही ऐकलं नाही. आणि आई तर त्या गोष्टीत नव्हतीच.

मग सगळे उभे राहिले. माझ्या शेजारी एक जाडजूड, प्रेमळ बाई होती. तिने माझा हात धरला आणि कानात म्हणाली, "त्या बिचारीसाठी प्रार्थना करा वं, कुठं भटकून राहिली असन." मी केली. मी माझ्यासाठी तुमच्याबरोबर मोठ्याने प्रार्थना केली आणि शेवटी आमेन म्हटलं. नाही म्हणायला जागाच नव्हती.

थाळी आली. मी मान वर केली नाही. मनात म्हटलं, मेज बंद आहे, कबुली वाचली नाही, बहिणीला क्षमा केली नाही, ह्याहून अयोग्य माणूस आज ह्या देवळात नसेल. आणि मी तुकडा उचलला आणि खाल्ला. सत्तावीस वर्षं ज्याच्यासाठी जीव तुटत होता तो तोंडात होता.

मला काहीच वाटलं नाही, ताई. दंडही नाही आणि गोडीही नाही. पिठाचा तुकडा होता, घशाखाली गेला. तुला गोड लागली म्हणतेस. मी खरंच विचारते, कशी लागली? मी घरी दार लावून तुकड्यासमोर बसायचे तेव्हा खात नव्हते, तरी तो समोर असायचा. माझी भूक माझ्याजवळ होती. तिच्यावर मी संसार केला, पोर वाढवलं, सासूबाईंचं शेवटपर्यंत केलं. त्या रविवारी ती गेली. पुढचा पहिला रविवार परवावर आला आहे आणि मला माहीत आहे की मी दार लावून बसणार नाही. भाकर अडवलीस त्याची क्षमा मी तुला केलीही असती. भुकेचं काय करू?

बाहेर आले तर रोशनचे बाबा रसवंतीवर उभे होते. म्हणाले, "काहून वं? भेटलं काय तुले?" मी म्हटलं, भेटलं. त्यांनी मला रस पाजला, बसमध्ये खिडकीची जागा दिली.

तुझ्या दोन ओळी मी पाठवणार नाही. ती चिठ्ठी ठेव. ती तुझ्या शाळेची वही आहे, तूच तपासलीस.

एक काम मात्र आहे आणि ते आता तुझ्याच हातात आहे. मंडळीच्या नोंदवहीत माझं नाव अजून आहे. मीरा, आईचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, आणि पुढे "मेज बंद". ह्या घरात मला कुणी दीक्षा घे म्हटलं नाही आणि मी घेतली नाही, त्या नावामुळेच. तू वडील झालीस. पहिल्याच सभेत ते नाव खोड आणि सही कर. नोंदवहीत कारणाचा रकाना असेल, तो कोरा चालत नसेल. तिथे काय लिहायचं ते मला विचारू नकोस. तुझं तू लिही, आणि नऊजणी असोत की तीनशे, मोठ्याने वाच.

मीरा गजभिये